चढणाऱ्याची फळी

कन्हान नदीचा सरकारी इतिहास लांबीचा आहे, आमच्या खापा गावाचा रुंदीचा, म्हणजे ती ओलांडण्याचा. १८६०च्या दशकात इंग्रज अंमलदारांनी ठरवलं होतं, की नागपूर-वर्ध्याकडचा कापूस नदीवाटेच समुद्राला लावायचा. कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते. म्हणजे कागदावर वाट तयारच होती. अभियंते सर आर्थर कॉटन यांनी ही कल्पना उचलून धरली. खडकाळ टप्पे टाळण्यासाठी बंधारे आणि कालव्यांची कामं निघाली. १८६७ साली आगगाडी नागपुरात येऊन पोचली आणि १८७१ मध्ये ती योजना सरकारने गुंडाळली. त्यावर अहवाल आहेत, नकाशे आहेत.

त्याच १८६७ साली खाप्याला नगरपालिका मिळाली. गाव नदीच्या उंच काठावर, धंदा हातमागाचा. तहसील मात्र तेव्हा रामटेकची. खाप्याहून रामटेकला जायचं तर आधी कन्हान ओलांडा, पुढे पेंच ओलांडा. कोर्टाची तारीख असो, साऱ्याचं काम असो की लुगड्यांचा गठ्ठा बाजारात न्यायचा असो, पावसाळ्यात नदी आडवी होतीच. उन्हाळ्यात उतारावरून धोतर खोचून पायी जाता येई. पाणी चढलं की डोंगा.

मी विणकराच्या घरातला. आमच्या घरात नदीची गोष्ट निघाली, की पुराची किंवा मासळीची निघत नसे. गठ्ठा भिजू न देता डोंग्यात कसा चढवायचा, याची निघे. माझे वडील तरुणपणी माल घेऊन पलीकडे जात. त्यांचं सांगणं असं, की डोंग्याला खरी भीती मधल्या धारेत नसते, काठावर असते. एका खोडातून कोरलेला डोंगा पोटाला गोल. त्याच्या काठावर पाय दिला की तो तिकडेच कलंडतो. खड्ड्याच्या मागावर बसायला उतरावं तसं सरळ मध्ये उतरावं लागतं. फरक इतकाच, की मागाचा खड्डा हलत नाही. शिवाय तळाशी चार बोटं पाणी साचलेलं. नाव चालवणारे ढिवर लोक त्यात अनवाणी, सहज वावरत. पण नऊवारी नेसलेली, कडेवर लेकरू असलेली बाई काय करणार?

म्हणून तळाशी बांबूची ताटी किंवा दोन-तीन फळ्या टाकत. काम अगदी साधं, पण त्यात अक्कल होती. फळ्या खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत, नुसत्या बसवायच्या, कारण खालचं पाणी उपसायला त्या उचलाव्या लागतात. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवायची. लाकूड ओलं झालं की फुगतं, आणि वरचं पाणी खाली जायलाही वाट लागते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फळी खालीच हवी. चढायला सोपं जावं म्हणून ती काठाच्या उंचीवर बसवली, तर उभ्या माणसाचा भार वर जातो आणि डोंगा पलटी खायला टपून बसतो. वडिलांना नावाडी सांगे, "पहिले फळीवर पाय ठेव, बस, मंग गठ्ठा घे." उभ्या माणसाच्या हातात गठ्ठा द्यायचा नाही, हा नियम.

बैल आणि बंडी आली की ही फळी पुरत नसे. तिथे सांगड. दोन डोंगे थोड्या अंतराने शेजारी ठेवायचे, आडव्या बल्ल्या दोराने घट्ट आवळायच्या आणि त्यांवर फळ्यांचा किंवा बांबूचा माच टाकायचा. इथे उंचीची भीती फारशी उरत नाही. भार एका बाजूला गेला तर त्या बाजूचा डोंगा आणखी बुडतो, जास्त पाणी बाजूला सारतो आणि पाणीच त्याला वर रेटतं. दोन डोंग्यांत अंतर जितकं जास्त, तितका हा रेटा कामी येतो. काठ आणि माच यांच्यामध्ये जाड फळी टाकली, की बैल चालत वर. फळीचा पोकळ आवाज आला की बैल बिचकतो, म्हणून वर तणस पसरत.

हीच युक्ती पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लोकांनी शिडाच्या नावांत वापरली. त्यांच्या जुन्या जोडनावांच्या धर्तीवर बांधलेली 'होकुलेआ' १९७६ साली हवाईहून ताहितीला गेली, ती दोन नावांमधल्या अशाच लाकडी माचावर माणसं आणि शिधा घेऊन. त्यांना सांगड लागली महासागरासाठी, आम्हाला बैलबंडीसाठी.

आमच्या घाटांवरची माचाची ही सोय कुणी कुणावर दया येऊन केली, असं मला वाटत नाही. नॉर्दर्न इंडिया फेरीज ॲक्ट १८७८ सालचा. या कायद्याखाली सार्वजनिक घाटांवरच्या तरीचा, म्हणजे नावेने पार नेण्याचा, महसूल लिलावाने ठेक्याला देता येई आणि दरांचा तक्ता घाटावर लावावा लागे. माणसाचा दर वेगळा, जनावराचा वेगळा, गाडीचा त्याहून वेगळा. ठेकेदाराला जास्त पैसा गाडीवर सुटणार, मग त्याला गाडी चढवता आलीच पाहिजे. माच रुंद झाला तो बंडीसाठी. म्हातारी, गरोदर बाई आणि आमचे गठ्ठेवाले विणकर त्याच माचावरून पार झाले. इतिहासात पुष्कळ सोयी अशाच बैलाच्या मागून माणसाला मिळाल्या आहेत.

रामटेकच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना केवटाची गोष्ट सांगावी लागत नाही. रामाचे पाय धुतल्याशिवाय तो त्याला नावेत घेत नाही, कारण पायधुळीने शिळेची बाई झाली तशी नावेची झाली तर पोट कसं भरायचं? भक्तीची गोष्ट म्हणून आपण ती ऐकतो. पण नावाड्याच्या धंद्याकडून पाहिलं तर तो देवालाही एकच सांगतो आहे: माझ्या नावेत पाय कसा ठेवायचा, ते मी ठरवणार. ढिवर आणि केवट या जातींची माहिती रसेल आणि हिरालाल यांनी १९१६च्या ग्रंथात लिहून ठेवली. मासेमारी, पाणी भरणं, शिंगाड्याची शेती, पालखी वाहणं, सगळं त्यात आलं. पाय कुठे ठेवायचा हे सांगण्याचं कसब मात्र तोंडीच राहिलं.

कामठीला कन्हानवर दगडी पूल झाला तो १८७०च्या दशकात. पुढे रपटे आले, मोठे पूल आले. घाटावरची तरी संपली, याचं मला दुःख नाही. पुलावरून म्हातारं माणूस एसटीत बसून जातं, याहून मोठी सोय कुठली?

पण नाव अजून लागते. २०२०च्या ऑगस्टअखेर पेंच, कन्हान, वैनगंगा एकदम फुगल्या आणि नागपूर-भंडाऱ्यात घराघरांतून माणसं बोटींनी काढावी लागली. या बोटी रबराच्या किंवा फायबरच्या, इंजिन चांगलं, जॅकेट चांगलं. चढायचं मात्र उंच, गुळगुळीत कडेवरून. गुडघे धरलेल्या बाईला दोघांनी बखोट्याला धरून आत ओढायचं. दोन-तीन उचलत्या फळ्या, खाली बसवलेल्या, आणि काठावर टेकणारी एक जाड फळी इतकं सुताराकडून एका दिवसात होतं. नदीकाठच्या नगरपालिकांनी पुढची बोट घेताना इंजिनाचं अश्वबल विचारावंच. त्याआधी सत्तरीची बाई त्यात चढणार कशी, हे विक्रेत्याला प्रत्यक्ष करून दाखवायला लावावं.