स्टिरिओ की होम सिनेमा? एका तक्रारीतून फुटलेल्या दोन वाटा

१/ घरासाठी ॲम्प्लिफायर घ्यायचा म्हटले की पहिला प्रश्न उभा राहतो: दोन चॅनेलचा स्टिरिओ घ्यावा की पाच-सात चॅनेलचा होम सिनेमा? दुकानात याचे उत्तर वॅट आणि किमतीच्या भाषेत मिळते. इतिहासात ते निराळ्याच ठिकाणी सापडते. त्यासाठी हा थ्रेड.

२/ आधी शब्द पाहू. ‘स्टेरिओस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ घन, भरीव. ‘दोन’ हा अर्थ त्यात कोठेही नाही. तो नंतर चिकटला. कसा, तेच पाहायचे आहे.

३/ साल १९३१. गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला, तेच हे वर्ष. बोलपट नवा होता आणि त्याचा आवाज एकाच जागेवरून येई. ईएमआय कंपनीतील इंग्रज अभियंता ॲलन ब्लूमलाइन याला हे खटकले, असे सांगतात. नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, आवाज मात्र जागचा हलत नाही!

४/ त्याच डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला (ब्रिटिश पेटंट क्र. ३९४३२५). दोन मायक्रोफोन, दोन स्पीकर आणि एकाच खाचेत दोन चॅनेल कोरणारी तबकडी, हे सारे त्यात होते. आज आपण ज्याला संगीताचे तंत्र समजतो, त्या स्टिरिओची ठिणगी सिनेमागृहात पडली होती.

५/ अमेरिकेत बेल प्रयोगशाळेची वाट वेगळी होती. २७ एप्रिल १९३३ रोजी वाद्यवृंद फिलाडेल्फियात वाजत होता आणि श्रोते वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये बसले होते. आवाज तारांवरून आला, तो तीन चॅनेलमधून: डावा, मधला, उजवा. नियंत्रणाशी होता संगीत-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की.

६/ कान दोन, मग चॅनेल तीन का? दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यावर बसले तर गायिका मधल्या रिकाम्या जागेत उभी असल्याचा भास होतो. बाजूला सरका, जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो आणि गायिका त्या स्पीकरात जाऊन बसते. सभागृहात मध्यावर मोजकेच बसतात. बाकीच्यांसाठी मधला स्पीकर हवाच.

७/ सिनेमाने हा धडा उचलला. ‘फँटासिया’ (१९४०) अनेक चॅनेलच्या आवाजासह आला. त्यातही स्टोकोव्स्की होताच. ‘द रोब’ (१९५३) मध्ये चार चुंबकीय ध्वनिपट्ट्या होत्या: तीन पडद्यामागे, चौथी प्रेक्षागृहात. ७० मिमी फितीवर तर सहा पट्ट्या मावत. मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ ज्या ‘स्टिरिओफोनिक’ आवाजासाठी गाजला, त्याचाही अर्थ ‘दोन’ नव्हता.

८/ घरात मात्र तबकडी होती. व्ही आकाराच्या खाचेला भिंती दोनच, म्हणून चॅनेलही दोनच. १९५८ पासून अशा तबकड्या बाजारात आल्या आणि एका पेटीत दोन ॲम्प्लिफायर हे घरातले समीकरण रूढ झाले. ‘स्टिरिओ म्हणजे दोन’ हा अर्थ येथे घट्ट झाला. ब्लूमलाइनला हे पाहता आले नाही. ७ जून १९४२ रोजी विमानातील रडारच्या चाचणीदरम्यान झालेल्या अपघातात तो गेला. वय अवघे ३८.

९/ १९७० च्या दशकात घरात चार चॅनेल आणण्याचा घाट घातला गेला: क्वाड्राफोनी. पण एका पद्धतीची तबकडी दुसरीच्या यंत्राशी जुळेना. ग्राहक कंटाळला आणि प्रयोग बुडाला.

१०/ तोडगा पुन्हा सिनेमाकडून आला. डॉल्बी स्टिरिओने चार चॅनेल दोनच पट्ट्यांत गुंफले. ‘स्टार वॉर्स’ने (१९७७) ते लोकप्रिय केले. व्हिडिओ कॅसेटच्या दोन ट्रॅकमध्येही हे गुंफलेले चॅनेल शाबूत राहिले! ते उलगडणारे यंत्र १९८२ पासून घरी आले. तोच होम सिनेमा ॲम्प्लिफायरचा पूर्वज. १९८७ च्या प्रो लॉजिकने घरात मधला चॅनेल आणला आणि पुढे डीव्हीडीने ५.१ आणले.

११/ तेव्हा वॅटच्या आधी दोन प्रश्न विचारावेत. ऐकणार काय? संगीताची बहुतेक ध्वनिमुद्रणे आजही दोन चॅनेलसाठीच घडवली जातात. आणि ऐकणार किती जण? मध्यावर बसून एकट्याने गाणे ऐकणाऱ्याचे पैसे स्टिरिओत दोनच चॅनेलवर एकवटतात. तेवढ्याच पैशांच्या होम सिनेमात ते अनेक चॅनेल, डीकोडर आणि चित्राच्या जोडण्यांत वाटले जातात.

१२/ पण सोफ्याच्या टोकाला आजी बसणार असेल आणि तिला संवाद पडद्यातूनच यावेत असे वाटत असेल, तर मधला स्पीकर ही चैन नव्हे. कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये कडेला बसलेल्या श्रोत्याची तीच गरज होती.

१३/ थोडक्यात, स्टिरिओ ही खाचेच्या दोन भिंतींनी आखलेली वाट आणि होम सिनेमा ही गर्दीने आखलेली. तुमच्या घरात कोणती, का निवडली? जरूर लिहा.