जीपचा रंग : वरचा आणि खालचा

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या बेळगावात घरोघरी गाड्या धुतल्या जातात. आमचे कन्नड शेजारी त्या दिवसाला आयुधपूजा म्हणतात. नाव काहीही असो, झेंडूची माळ दोन्हीकडे सारखीच. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत धुण्याजोगे चारचाकी वाहन एकच होते, ते म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, जीप. त्या जीपच्या रंगापायी आमच्या घरात जे घडले ते सांगावे आणि त्या निमित्ताने या रंगाचा इतिहासही वाचकांपुढे ठेवावा, एवढाच हेतू आहे.

जीप जन्मली ती युद्धासाठी. 1940 साली अमेरिकन सैन्याला रस्ता सोडून कुठेही जाईल अशी हलकी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम कंपनीने दिला, पण मोठी निर्मिती विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी केली. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. त्यांचा हिरवट-तपकिरी रंग मुद्दाम निस्तेज ठेवलेला असे. उन्हात पत्रा चमकला की विमानातून गाडी दिसणार, हे त्यामागचे साधे कारण. आपण ज्या चकाकीसाठी घाम गाळतो, ती त्या गाडीला शत्रू होती.

युद्ध संपल्यावर लष्करी सामानाची विक्री झाली आणि ‘डिस्पोझलची जीप’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अप्पांनी घेतली ती मात्र डिस्पोझलचीच, 1952 साली. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला त्यांची लाकडाची आणि काजूची कामे चालत. घरी आणताच त्यांनी ती पेंटर मेस्त्रीकडे नेली आणि सांगितले, “हे मिलिटरीचं मळकट रूप घालवा. निळा ड्युको मारा.”

हा ‘ड्युको’ शब्द आजही आपल्या गॅरेजांतून ऐकू येतो. मुळात ते एका मालाचे नाव. 1802 मध्ये बंदुकीची दारू बनवण्यासाठी निघालेल्या अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने 1923 मध्ये ते बाजारात आणले. त्याआधी मोटारीवर व्हार्निशचे थर द्यावे लागत आणि ते वाळायला आठवडे जात. ड्युको होता नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे धूररहित दारूच्याच कुळातला, आणि तो झटपट वाळे. 1924 च्या ओकलंड मोटारी या रंगात निघाल्या. मात्र फवाऱ्यातून आलेल्या या रंगाला आपोआप तेज चढत नसे. तो पाणकागदाने घासावा लागे, मग पॉलिश करावा लागे. मोटार घासूनपुसून चमकवण्याची जगभरची हौस वाढली, त्यात या रंगाचा वाटा मोठा आहे.

चकाकी टिकवायला मेण लागते. आपल्याला मधमाशीचे मेण माहीत. ते साधारण 63 अंश सेल्सिअसला वितळते. मोटारीच्या पॉलिशमध्ये कार्नोबा मेणाला मान आहे. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते धरते, फार कडक असते आणि 80 अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. तापलेल्या बॉनेटवरही त्याचा पातळ थर राहतो आणि पाणी थेंब होऊन घसरते. अप्पा दर रविवारी मलमलीच्या फडक्याने असे पॉलिश लावत. आई म्हणे, “देवाच्या समया कधी एवढ्या घासल्या नाहीत तुम्ही!”

1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्तीसाठी बेळगाव परिसरात सैन्य गोळा झाले. मी आठ वर्षांचा होतो. धुळीने माखलेल्या जीपगाड्यांकडे पाहून मी एका जवानाला विचारले, “तुम्ही गाडी पॉलिश का करत नाही?” तो हसला आणि म्हणाला, “बाळ, आम्ही गाडी खालून धुतो.” मला ते उत्तर कळले नाही. अप्पांना मी ते सांगितलेही नाही.

1974 च्या श्रावणात जांबोटीजवळच्या उतारावर आमच्या जीपचा मागचा पाटा चासीपासून सुटला. गाडी आडवी होऊन बांधावर आपटली. बॉनेट त्या पावसातही चमकत होते. अप्पांचा डावा गुडघा जो गेला तो कायमचा. त्यांची रानातली कामे तिथेच थांबली आणि मला कॉलेज सोडून धंद्यात उतरावे लागले.

जीप ओढून आणली तेव्हा मेस्त्री तिच्याखाली शिरले. बाहेर आले ते हातात लाल चिखलाचा ढेकूळ घेऊनच. “केळगं नोड्री, सावकार,” ते म्हणाले. खाली बघा! ढेकळात चिखल किती आणि गंज किती, हे सांगता येत नव्हते. यायचे तरी कसे? आमच्या जांभ्या मातीचा लालपणा लोहाच्या ऑक्साइडचा आणि गंजही त्याच कुळातला. बावीस वर्षे मडगार्डच्या आत आणि चासीच्या सांध्यांत चिखल साचत गेला. पावसाळाभर तो ओला राही आणि लोखंड आतून खाई. मेस्त्रींनी सगळे खरवडले, पत्रे जोडले आणि ब्रशने रेड ऑक्साइड मारला. गंमत अशी की त्या प्रायमरचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच.

नंतरची पंधरा वर्षे ती जीप मी चालवली. धुण्याची रीत मेस्त्रींनी घालून दिली. रानातून आल्यावर चिखल वाळण्याआधी आधी खालून पाणी मारायचे. चाकांच्या कमानी, पाटे, चासीची भोके मोकळी करायची. मग वरून नुसते पाणी सोडून माती सुटू द्यायची. कोरड्या फडक्याने वाळकी माती कधी पुसायची नाही, कारण तिच्यातली वाळू रंगावर ओरखडे काढते. सावलीत धुवायचे, सावलीत वाळवायचे. मेण सर्वांत शेवटी. त्या काळी खालून जळके ऑइल मारण्याचीही पद्धत होती. त्याने रबराचे बुश फुगतात आणि जमीन नासते, म्हणून ती सोडलेलीच बरी.

आता रंगावर पारदर्शक थर असतो, कारखान्यात पत्रा विजेच्या साहाय्याने प्रायमरच्या हौदात बुडवून निघतो आणि सिरॅमिक कोटिंगची दुकाने निघाली आहेत. नातवाने नव्या गाडीवर ते करून घेतले. झाले ते चांगलेच झाले. पण ते कोटिंग चासीच्या सांध्यात साचलेला चिखल काढत नाही.

अप्पा शेवटपर्यंत काठी घेऊन चालले. रंगाबद्दल त्यांनी पुन्हा कधी शब्द काढला नाही. मात्र दर खंडेनवमीला खुर्ची अंगणात मागवत आणि माळ घालण्याआधी मला विचारत, “खालून धुतलीस?” यंदा तोच प्रश्न मी नातवाला विचारला. तो थोडा वैतागला, पण पाइप घेऊन गाडीखाली वाकला.