भाकरी

ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा तांदूळ यांच्या पिठाचा, हाताने थापून तव्यावर व विस्तवावर भाजलेला गोल खाद्यपदार्थ. महाराष्ट्रातील ग्रामीण कुटुंबांचे हे परंपरागत नित्याचे अन्न होय. प्रदेशपरत्वे तिचे धान्य बदलते : सोलापूर व मराठवाडा भागांत ज्वारी, नगर–नासिककडे बाजरी, तर कोकणात तांदूळ व नाचणी. खानदेशात उडीद मिसळलेल्या ज्वारीची कळण्याची भाकरी रूढ आहे. उपजीविका या अर्थानेही ‘भाकरी’ हा शब्द मराठीत वापरला जातो.

ज्वारीच्या पिठात गव्हाप्रमाणे चिवटपणा आणणारे ग्लुटेन नसल्याने ते सहज लाटता येत नाही. म्हणून ते कढत पाण्याने काठवटीत मळून थापतात. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूस पाणी फिरवितात व अखेरीस ती निखाऱ्यांवर शेकतात. आतील वाफेने ती फुगून पापुद्रा सुटतो. ताजी भाकरी पिठले, पालेभाजी, ठेचा किंवा कांदा यांबरोबर, तर शिळी दुधात वा ताकात कुस्करून न्याहारीस खातात.

अस्सल देशी समजल्या जाणाऱ्या या जेवणाचे घटक दूरदेशींचे आहेत. ज्वारी, बाजरी व नाचणी ही धान्ये मूळची आफ्रिकेतील. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे मुख्य धान्य सातू (जव) होते. ठेच्यातील मिरची व चटणीतील भुईमूग मूळचे अमेरिका खंडातील असून मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारतात आली.

भाकरीमागील कष्ट मुख्यतः स्त्रियांचे होते. पिठाच्या गिरण्या गावोगावी पोहोचेपर्यंत त्या पहाटे उठून जात्यावर दळीत; ओव्यांची समृद्ध मौखिक परंपरा या श्रमातून वाढली. समाजातील दर्जाही अन्नावरून ठरे. गव्हाची पोळी सणावारी, तर भाकरी कष्टकऱ्यांच्या घरी रोजची. गावकामाच्या मोबदल्यात महारांना घरोघर भाकरी मागावी लागे व ती बहुधा शिळीच असे. शिळ्या तुकड्यांसाठी माणुसकी गमावू नये, असे आवाहन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत केले.

१९६४ मध्ये संकरित ज्वारीचा पहिला वाण प्रसारित झाला. त्याचे उत्पन्न अधिक होते. परंतु खरिपाचा दाणा पावसात सापडून काळा पडे आणि भाकरीस रुची कमी. त्यामुळे घरच्या खाण्यासाठी रब्बीची मालदांडी ज्वारीच पसंत केली जाई. १९७२–७३ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी लोकांना खावी लागली. तिची आठवण जुन्या पिढीने दीर्घकाळ जपली.

पुढे शिधावाटपातून मुख्यतः गहू व तांदूळ मिळू लागले आणि बागायती पिकांचा प्रसार झाला. ज्वारीचे क्षेत्र घटले व मजुरांच्या घरीही पोळी नित्याची झाली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून पाळले गेले. शहरांत भाकरीस आरोग्यदायी अन्न म्हणून मागणी वाढली. गरिबांचे म्हणून हिणविले गेलेले हे अन्न आता उपाहारगृहांत मानाने वाढले जाते. मात्र ज्यांच्या हातांनी ते टिकविले, त्या कुटुंबांना ज्वारी अनेकदा शिध्याच्या गव्हापेक्षा महाग पडते.