वाहनांची नोंदवही : निपाणी ते बेळगाव

रस्त्यावरून माल जातो, माणसे जातात. त्यांच्यासोबत माहितीही जाते. कोल्हापूर सोडून निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा दक्षिणेकडे उतरणारा महामार्ग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

मोटारींच्या नोंदणीसाठी हिंदुस्थानात अखिल भारतीय कायदा झाला तो १९१४ साली. १९३९ च्या कायद्याने पुढे त्याची जागा घेतली. त्या काळी वाहनाची माहिती कचेरीतील वहीत राही आणि तिचा दाखला मालकाजवळ असे. निपाणीच्या तंबाखूने मात्र निराळी रीत लवकरच पाहिली. १९४३ मध्ये तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला आणि पोत्यांच्या वाहतुकीला परवान्याचा कागद लागू लागला. माल कोणाचा, किती आणि कोठे निघाला, हे सांगणारी नोंद आता मालासोबतच प्रवास करू लागली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कागल आणि निपाणी यांमधील अंतर पूर्वीइतकेच राहिले. परंतु कर, परवाने आणि नोंदवह्या दोन झाल्या. १९८८ च्या कायद्यानुसारही परराज्यातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास त्याला नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ कचेरीचे ना-हरकत पत्र आणावे लागते. एका राज्यात घर आणि दुसऱ्यात शेत वा व्यवसाय असलेल्या सीमावासीयाला या नियमाचा अर्थ विशद करून सांगावयास नको.

संगणकाने या विखुरलेल्या वह्या ‘वाहन’ नामक राष्ट्रीय नोंदपटात आणल्या. १ जानेवारी २०१९ पासून नव्या बसगाड्यांना व टॅक्सींना स्थानदर्शक यंत्र आणि संकटसमयी दाबावयाची कळ आवश्यक ठरली. हे यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून आपले ठिकाण ओळखते आणि भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून नियंत्रण कक्षाला कळविते. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग अनिवार्य झाला. त्याच वर्षारंभी मालाचे ई-वे बिलही त्याला जोडले गेले. कोगनोळीच्या नाक्यावर काचेवरची चिठ्ठी वाचली जाते, पथकर खात्यातून वळता होतो आणि ट्रक कोणत्या वेळी कोठे होता हे करखात्यालाही कळते. तंबाखूच्या परवान्याचे काम आता अदृश्य लहरी करतात. भेद एवढाच, की तो कागद गाडीवानाच्या हातात असे. ही नोंद कोणाकोणाच्या हाती जाते, हे त्याला दिसत नाही.

हा भेद लहान नव्हे. २०१९ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने वाहन-नोंदींची माहिती मूल्य घेऊन एकगठ्ठा देण्याचे धोरण आखले. नोंदपट पाहण्याची मुभा ८७ खाजगी व ३२ सरकारी संस्थांना दिल्याचे आणि त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाल्याचे त्याच वर्षी संसदेत सांगण्यात आले. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच दिला होता. अखेर जून २०२० मध्ये ते धोरण रद्द झाले. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला; त्यात शासनसंस्थांसाठी काही सवलती मात्र राखल्या आहेत.

माहितीचा एक तुकडाही किती बोलका असतो, याचा दाखला बेळगावजवळच आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या ट्रकांवर दगडफेक झाली. तेथे दोन अक्षरांनीच चालकाचा पक्ष ठरविला. तो कोण, कोठला, हे कोणी विचारले नाही. ज्या फळ्यावर केवळ दोन अक्षरे होती, तेथे आज मार्ग, वेळ, थांबे आणि माल यांची सारी कहाणी साठत आहे.

हीच कहाणी अपघातात सापडलेल्या बसकडे मदत धाडू शकते, चोरीस गेलेले वाहन शोधू शकते आणि नाक्यावरचा खोळंबा टाळू शकते. तेव्हा नोंद नको असे म्हणणे शहाणपणाचे नाही. ज्या कामासाठी ती घेतली त्याच कामासाठी वापरावी, काम सरताच पुसावी आणि कोणी पाहिली हे मालकाला कळावे, एवढे पथ्य मात्र पाळले पाहिजे. जुन्या परवान्यावर सही कोणाची हे वाचता येत असे. नव्या नोंदवहीतही ती सही वाचता आली पाहिजे.