नॉर्थ एण्डमधील देवीची सांथ

आमच्या डाव्या दंडावर देवी काढल्याचा एक वाटोळा वण आहे. आमच्या वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दंडावरही कधीं कधीं वण दिसतो, परंतु तो क्षयाच्या लशीचा. देवीचा वण अंगावर वागविणारी आमची बहुधा शेवटचीच पिढी होय. १९८० सालच्या मे महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनें हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर केलें, आणि ज्या रोगास आमच्या पूर्वजांनीं भीतीनें देवता मानिलें तो पाहतां पाहतां इतिहासाचा विषय होऊन बसला. इतिहास म्हटला म्हणजे आम्हांस लढाया व तहनामे आठवतात. सांथीच्या वाट्यास फार तर एखादी ओळ येते. म्हणून आज एका दूरच्या शहरांतील एका वस्तींत ही देवी कोणत्या दारानें शिरली व कशी पसरली, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

हें शहर म्हणजे अमेरिकेंतील बोस्टन, आणि साल १७२१. त्या काळचें बोस्टन म्हणजे समुद्रांत शिरलेलें एक लहानसें द्वीपकल्प. एका चिंचोळ्या पट्टीनें काय तें मुख्य भूमीस जोडलेलें. लोकसंख्या सुमारें अकरा हजार. त्याच्या उत्तर टोकास जी दाट वस्ती होती तीच नॉर्थ एण्ड. मिल क्रीक नांवाच्या ओढ्यानें ती उरलेल्या शहरापासून तोडलेली असल्यामुळें तेथें पुलावरून जावें लागे. अरुंद गल्ल्या, खेटून उभीं असलेलीं लाकडी घरें, गल्लीच्या तोंडाशीं जहाजांचे धक्के. आणि वस्ती जहाजें बांधणाऱ्यांची, खलाशांची, व्यापाऱ्यांची, धर्मोपदेशकांची व त्यांच्या घरीं राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांची.

बोस्टनला देवी नव्या नव्हत्या. १७०२ सालीं त्यांची मोठी सांथ येऊन गेली होती. ज्यास एकदां देवी येऊन गेल्या त्यास सहसा पुन्हां येत नाहींत, ही गोष्ट लोकांस अनुभवानें ठाऊक होती. परंतु मध्यें एकोणीस वर्षें लोटलीं, आणि जिनें हा रोग डोळ्यांनीं पाहिलाच नव्हता अशी एक सबंध पिढी तेवढ्यांत वाढली. सांथीस जळण तयार होतें. ठिणगी तेवढी पडावयाची होती.

ती २२ एप्रिल रोजीं पडली. (ही तिथि तेव्हांच्या जुन्या इंग्रजी पंचांगाची.) ‘सी-हॉर्स’ नांवाचें राजाचें लढाऊ जहाज वेस्ट इंडीजमधून येऊन बंदराला लागलें. ८ मे रोजीं नगरपंचांच्या दफ्तरांत नोंद झाली कीं, त्या जहाजावरून आलेला एक कृष्णवर्णी मनुष्य शहरांतील एका घरांत देवीनें आजारी आहे. त्या घरावर पहारा बसला. जहाजावर आणखी रोगी निघाले, तेव्हां तें बंदरांतील बर्ड बेटाकडे न्यावें असें ठरलें. पण येथें रोगाचें गणित लक्षांत घेतलें पाहिजे. देवीचें विष अंगांत शिरल्यापासून ताप भरेपर्यंत सुमारें बारा दिवस जातात आणि फोड दिसावयास आणखी दोन-तीन. तेवढ्या काळांत मनुष्य धडधाकट असतो. तेव्हां जहाज लागल्यापासून पहारा बसेपर्यंत जे सोळा दिवस गेले, तेच निर्णायक होत. पहिल्या रोग्यापासून ज्यांस रोग जडला ते मेच्या अखेरीस अंथरुणास खिळावयाचे. आणि मेच्या अखेरीस शहरांत आठ रोगी असल्याचें आढळतें. नगरपंचांनीं आपल्याकडून कसूर केली नाहीं. रोग्याच्या दारावर तांबडें निशाण लागे व आंतबाहेर करण्यास बंदी होई. स्वतंत्र निग्रोंपैकीं सव्वीस जणांस सहा दिवस रस्ते झाडण्यास लाविलें. परंतु घराच्या दाराशीं उभा राहिलेला पहारेकरी, जो रोग आधींच खिडकींतून निघून शेजाऱ्याच्या अंगांत दडला आहे त्यास कसा अडविणार? आणखी एक पाळी उलटली, आणि जून महिन्यांत रोगी इतके झाले कीं पहारे बसविणें व्यर्थ ठरून ते उठविण्यांत आले. सुमारें हजार लोक शहर सोडून गेले. ज्यांस जाण्यास जागा नव्हती ते राहिले. अशांची संख्या नॉर्थ एण्डमध्यें कांहीं थोडी नव्हती.

ह्याच वस्तींत कॉटन मॅदर नांवाचा पाद्री राहत असे. मोठा विद्वान, पण एकोणतीस वर्षांपूर्वीं सेलम गांवीं चेटकिणी म्हणून निरपराध माणसांस फांसावर चढविण्यांत आलें, त्या प्रकरणाचें ग्रंथ लिहून समर्थन करणारांपैकीं हा एक. मनुष्यस्वभाव विचित्र खरा! ह्या मॅदरला त्याच्या मंडळीनें १७०६ सालीं एक आफ्रिकन गुलाम भेट दिला. त्यास बायबलांतील एका गुलामावरून ओनेसिमस हें नांव ठेवलें. त्याच्या मातेनें ठेविलेलें नांव दफ्तरांत उरलें नाहीं. तुला देवी आल्या होत्या काय, असें मॅदरनें त्यास विचारलें तेव्हां त्यानें उत्तर दिलें कीं, आल्याही आणि नाहींही. आणि दंडावरील वण दाखविला. त्याच्या देशांत रोग्याच्या फोडांतील पू निरोगी माणसाच्या कातडीला चीर देऊन त्यांत भरीत. थोडासा ताप येई, थोडे फोड उठत, आणि मग जन्मभर भय नसे. मॅदरनें इतर आफ्रिकनांस विचारून खातरी केली. तुर्कस्थानांतील अशाच चालीची हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीनें छापली होती. ती वाचून त्यानें १७१६ सालीं त्या संस्थेच्या एका सभासदास पत्र धाडलें कीं, ही गोष्ट मला आधींच माझ्या गुलामाच्या तोंडून कळली होती. आमच्याकडे बंगाल्यांत ‘टिका’ म्हणून हीच विद्या देशी टीकाकार करीत असत, हें जिज्ञासूंस ठाऊक असेल. जें ज्ञान आफ्रिकेंत, तुर्कस्थानांत व हिंदुस्थानांत अशिक्षित म्हणविणाऱ्यांच्या हातीं होतें, तें यूरोपच्या पंडितांस त्याच साली नव्यानें शिकावें लागलें. कारण लंडनमध्येंही लेडी मेरी माँटेग्यूनें आपल्या मुलीस १७२१ च्याच वसंतांत टोंचून घेतलें.

जूनमध्यें मॅदरनें शहरांतील वैद्यांस पत्र लिहून हा प्रयोग करण्याची विनंती केली. एकट्या झॅब्डिएल बॉइल्स्टननें ती ऐकिली. २६ जून रोजीं त्यानें आपला सहा वर्षांचा मुलगा टॉमस, आपला गुलाम जॅक व जॅकचा अडीच वर्षांचा मुलगा ह्यांस टोंचलें. पोटच्या मुलापासून आरंभ केला म्हणून त्याचें धैर्य वाखाणावें, आणि जॅकला कोणी विचारलें होतें काय, हा प्रश्नही मनांत ठेवावा. दोन्ही गोष्टी एकाच खोलींत घडल्या आहेत.

तिघेही वांचले, शहर मात्र खवळलें. विरोधकांचा पुढारी डॉक्टर विल्यम डग्लस. बोस्टनमध्यें वैद्यकीची पदवी असलेला तोच काय तो एक. गुलामांच्या साक्षीवर विज्ञान उभारावयाचें काय, म्हणून त्यानें यथेच्छ टवाळी केली. त्या टवाळीबद्दल त्यास क्षमा नाहीं. परंतु त्याचा दुसरा आक्षेप खोडून काढण्यासारखा नव्हता, आणि आमच्या ग्रंथकारांनीं तो बहुधा दडपला आहे. टोंचलेल्या मनुष्यास येणाऱ्या देवी खऱ्याच देवी असत. त्याच्यापासून दुसऱ्यास रोग लागे. बॉइल्स्टनचे रोगी कोंडून ठेविलेले नव्हते. त्यांच्या घरीं भेटीस येणारे येत. म्हणजे वस्तींत रोग पसरण्यास एक नवें दार उघडलें, हें डग्लसचें म्हणणें बरोबर होतें. जुलैंत नगरपंचांनीं बॉइल्स्टनला मनाई केली. त्यानें ती जुमानिली नाहीं. ऑगस्टमध्यें ‘न्यू इंग्लंड करंट’ नांवाचें पत्र निघालें व टोंचण्याविरुद्ध गरळ ओकूं लागलें. तें छापणाऱ्या जेम्स फ्रँकलिनच्या हाताखालीं त्याचा पंधरा वर्षांचा भाऊ बेंजामिन उमेदवारी करीत होता.

सप्टेंबरांत मृतांसाठीं घंटा इतक्या वाजूं लागल्या कीं रोग्यांचा धीर सुटूं नये म्हणून नगरपंचांस घंटानादावर मर्यादा घालावी लागली. मॅदरच्या देवळांत रविवारीं आजाऱ्यांसाठीं प्रार्थना करावी म्हणून चिठ्ठ्या येत; शरद ऋतूंत एका रविवारीं त्यांची संख्या तीनशेंच्या वर गेली. नॉर्थ एण्डचा त्या आठवड्याचा नकाशा काढावयाचा असेल तर ह्या चिठ्ठ्यांहून बोलकें साधन नाहीं. कारण एकेक चिठ्ठी म्हणजे एकेक दार. एकट्या ऑक्टोबरांत शहरांत चारशेंहून अधिक माणसें मेलीं. मॅदरचा मुलगा सॅम्युएल कॉलेजांतून घरीं आला होता. त्याचा सोबती देवीनें गेला. बापानें मुलास टोंचून घेतलें खरें, पण लोकक्षोभाच्या भयानें गुपचूप! १४ नोव्हेंबरच्या पहांटे कोणीं मॅदरच्या घराच्या खिडकींतून पेटता गोळा फेंकला. त्या खोलींत टोंचून घेतलेला त्याचा भाचा निजला होता. वात गळून पडल्यामुळें गोळा उडाला नाहीं. त्यास बांधलेल्या चिठ्ठीवर शिव्या होत्या.

सांथ ओसरल्यावर नगरपंचांनीं गणती केली. ५,८८९ लोकांस देवी आल्या. त्यांपैकीं ८४४ मेले, म्हणजे सात जणांत एक. बॉइल्स्टननें २४२ जणांस टोंचलें होतें. त्यांतील ६ मेले, म्हणजे चाळिसांत एक. ह्या दोन आंकड्यांची तुलना करतांना सावध असावें, कारण टोंचून घेणारांत निरोगी व सुस्थितींतील माणसें अधिक असण्याचा संभव आहे. तरीही अंतर मोठें आहे. बॉइल्स्टननें १७२६ सालीं लंडनमध्यें आपल्या रोग्यांची हकीकत वयवारीनें व आंकड्यांनिशीं प्रसिद्ध केली. औषधोपचाराचा निवाडा मोजून करावा, ही आज आम्हांस सहज वाटणारी रीत तेव्हां अपूर्व होती. डग्लसनेंही पुढें आपलें मत पुष्कळसें बदललें. आणि तो छापखान्यांतील उमेदवार? बेंजामिन फ्रँकलिन टोंचण्याचा कैवारी झाला. पण १७३६ सालीं त्याचा चार वर्षांचा मुलगा न टोंचतां राहिला होता, तो देवीनें गेला. हें दुःख त्यानें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे.

१७९६ सालीं जेन्नरनें गाईच्या देवींची लस काढिली आणि मनुष्याचा पू टोंचण्याची पद्धत हळूहळू मागें पडली. ती लस बगदाद व बसऱ्याच्या वाटेनें हाताहातीं, किंबहुना दंडादंडीं, मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस ती प्रथम टोंचली, आणि तिच्या दंडावरील फोडांतून निघालेल्या लशीनें पुढें पुणें, सुरत, हैदराबाद व मद्रास येथील मुलांस टोंचण्यांत आलें.

ओनेसिमसनें त्यापूर्वींच, १७१६ सालीं, आपल्या जागीं दुसरा गुलाम विकत घेण्यासाठीं मॅदरला पैसे देऊन स्वतःची अर्धीमुर्धी सुटका करून घेतली होती. अर्धीमुर्धी अशासाठीं कीं, घरकामास बोलावलें असतां येण्याची अट त्याच्यावर राहिलीच. नॉर्थ एण्डच्या टेकडीवर कॉप्स हिल नांवाचें जुनें दफनस्थान आजही आहे. तेथें मॅदर घराण्याची दगडी कबर पाहावयास प्रवासी येतात. त्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगास हजाराहून अधिक आफ्रिकन माणसें पुरलेलीं आहेत. त्यांतील बहुतेकांच्या उशाशीं दगड नाहीं.