आई आपल्यापुढे वाकते तेव्हा

चीनमधलं लू राज्य, इ.स.पूर्व पाचवं शतक. तुम्ही वीस वर्षांचे, दरबारी चाकरी करणाऱ्या घराण्याचे थोरले चिरंजीव. आज तुमचा 'गुआन' विधी, म्हणजे टोपी घालून मोठ्यांत घेण्याचा. पूर्वजांच्या मंदिराच्या दाराशी यॅरो या वनस्पतीच्या काड्यांचा कौल लावून वडिलांनी हा दिवस ठरवला. टोपी घालणारा पाहुणाही कौल लावूनच निवडला.

अंगात रंगीत कपडे, केसांच्या गाठी अशा बालवेषात तुम्ही आतल्या खोलीत उभे आहात. बोलावणं येतं. घरधनी ज्या पूर्वेच्या पायऱ्यांनी वर येतो, त्यांच्याजवळ तुम्हाला बसवतात. उद्या हे घर कुणाचं, ते जागेवरूनच सगळ्यांना कळतं.

मदतनीस केस विंचरून रेशमी कापडात बांधतो. पाहुणा हात धुतो, पश्चिमेची एक पायरी उतरून पहिली टोपी हातात घेतो. काळ्या कापडाची, जुन्या वळणाची, साधी. पोरपण आता सोड, असा आशीर्वाद तो देतो. तुम्ही आत जाऊन वेष बदलून येता. दुसरी टोपी हरणाच्या पांढऱ्या कातड्याची. तिच्यासाठी तो दोन पायऱ्या उतरतो. तिसरी तांबूस-काळी, राजाच्या पूजाविधीत घालायची, तिच्यासाठी तीन. टोपी जितकी मानाची, तितका तो खाली उतरतो.

मग धान्याची गोड दारू चाखून, सुक्या मांसाचे तुकडे घेऊन तुम्ही आईकडे जाता. ती ते घेते आणि तुम्हाला वाकून नमस्कार करते. तुम्ही गडबडून नमस्कार करता. ती पुन्हा वाकते. जिने तुम्हाला न्हाऊ-माखू घातलं, तीच आज तुम्हाला मोठ्या माणसाचा मान देते.

परतल्यावर पाहुणा तुम्हाला लोकांत वापरायचं नवं नाव देतो. कन्फ्यूशिअसचं जन्मनाव चिऊ, पण लोकांत तो झोंगनी. तुमचंही जुनं नाव यापुढे आईवडील आणि राजा यांच्याच तोंडी राहील.

भावांना भेटता. बहिणीला भेटता. लग्न ठरलेल्या मुलीच्या केसांत पंधराव्या वर्षी काटा खोचतात, तो तिचा असाच विधी. शेवटी फेजंट पक्षी भेट घेऊन राजाकडे निघता.

आज तुमची परीक्षा कुणीही घेतली नाही. थोरांनी आधी मान दिला. मुलगा, भाऊ, राजाचा सेवक म्हणून तो सार्थ करणं, हे काम आता आयुष्यभराचं.