क्ष-किरण तंत्रज्ञ : एका पदनामाचा इतिहास

व्यवसायाचे नाव स्थिर राहते आणि त्यातील काम मात्र पालटून जाते, असे भाषेच्या इतिहासात वारंवार घडते. 'क्ष-किरण तंत्रज्ञ' हे पदनाम याचे ठळक उदाहरण होय.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना आढळलेल्या किरणांचे स्वरूप अज्ञात होते. म्हणून त्यांना बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर मिळाले. मराठीत त्या राशीसाठी 'क्ष' रूढ असल्याने 'क्ष-किरण' हा शब्द उच्चारसाम्याबरोबरच अर्थसाम्यावरही उभा आहे. दोनच वर्षांनी, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, वायव्य सरहद्दीवरील जखमी सैनिकांच्या अंगातील गोळ्या शोधण्यासाठी या किरणांचा उपयोग झाला.

प्रारंभी यंत्र चालविणारा कोणी प्रकाशचित्रकार असे, तर कोणी विजेची कामे जाणणारा. शिक्षण म्हणजे ज्येष्ठाच्या हाताखालील उमेदवारी. किरणांचा धोका उमगेपर्यंत अनेकांनी बोटे व प्राणही गमावले. बोलीत मात्र 'एक्स-रे काढणे' हा 'फोटो काढणे' याच्याच धर्तीचा प्रयोग रुळला. रुग्णाला योग्य स्थितीत ठेवणे, किरणांची मात्रा ठरविणे आणि त्यांपासून संरक्षण करणे ही कौशल्ये त्या क्रियापदाआड झाकली गेली.

१९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या तळवडे गावासारख्या ठिकाणी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. औद्योगिक क्षेत्रात हेच किरण ओतीव भागांतील पोकळ्या व वेल्डिंगमधील भेगा शोधतात. रुग्णालयात ते अस्थिभंग दाखवितात. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा दोन्ही कामगारांना समान आहे : सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. धोक्याच्या मापात दोघे समान ठरले. सामाजिक प्रतिष्ठेच्या मापात तसे झाले नाही. रुग्णालयातील तंत्रज्ञ दीर्घकाळ डॉक्टरांचा 'साहाय्यक' म्हणूनच ओळखला गेला.

दरम्यान कामाचा विस्तार झाला. सीटी स्कॅन क्ष-किरणांवरच चालतो. एमआरआयमध्ये मात्र क्ष-किरण नसतात, तेथे चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरी असतात. सोनोग्राफी १९९४ च्या गर्भलिंगनिदानविषयक कायद्यामुळे डॉक्टरांकडेच राहिली. म्हणजे जुने नाव या व्यवसायाचा एक भागच सांगते.

संसदेने २०२१ साली केलेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्याने प्रतिमांकनाला स्वतंत्र व्यवसायगट मानले. संलग्न व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांची पदविका वा पदवी, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांची पदवी त्याने आवश्यक ठरविली. उमेदवारीच्या जागी विद्याभ्यास आला, हा या इतिहासातील निर्णायक टप्पा होय.

पदनामाचा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. वेतनश्रेणी, नोंदणी आणि बढती पदनामावर अवलंबून असतात. तळवड्यातील एखादा विद्यार्थी या क्षेत्रात उतरतो तेव्हा त्याचे प्रमाणपत्र कायद्याच्या कोणत्या संज्ञेत बसते, यावर त्याची पुढील वाट ठरते. 'प्रतिमांकन तंत्रज्ञ' ही संज्ञा कामाशी अधिक प्रामाणिक आहे. ती व्यवहारात रुजणे इष्ट होय.